मिरजेत बिनपगारी ‘ट्रेनिंग’ चालू आहे, राहू की सोडू?

तासगावहून रोज सकाळच्या एसटीने मिरजेला येतेस, सात महिने हॉस्पिटलात रिसेप्शन आणि बिलिंग शिकतेस, पगार नाही, ‘वर्ष झालं की सर्टिफिकेट देऊ’ म्हणतात, असं लिहिलंयस. वाचून पोटात कालवलं. चौदा वर्षांपूर्वी मी हेच केलंय, फक्त मी विट्याहून यायचे. वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

कॉम्प्युटर, टायपिंग, फोनवरचं बोलणं हे सात महिन्यांत आलंच असेल. मी माझी चूक सांगते.

बी.कॉम. झाल्यावर एका खासगी हॉस्पिटलात लागले. सहा महिने शिकाऊ, मग चार हजार रोख, व्हाउचरवर सही. नेमणुकीचं पत्र मागितलंच नाही. घरच्यासारखी माणसं, त्यांच्याकडे कागद काय मागायचा, असं वाटायचं. अडीच वर्षं केसपेपर काढले, फायली लावल्या, कॅशलेस विम्याच्या प्रीऑथ, म्हणजे उपचाराआधीच्या मंजुरीच्या मागण्या, पाठवल्या. मग मोठ्या ठिकाणी इन्शुरन्स डेस्कची जागा निघाली. मुलाखत छान झाली आणि त्यांनी अनुभवाचा दाखला मागितला.

तिथून फेऱ्या सुरू झाल्या. ‘साहेब रजेवर आहेत.’ ‘लेटरहेड संपलंय.’ ‘सोमवारी या.’ रुग्णाने मागितली तर कागदांची प्रत ७२ तासांत द्यायची, असा डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत नियम आहे. त्या काउंटरवर अशा प्रती मीच काढून द्यायचे. माझ्या एका पानाला आठ महिने लागले. हातात आलं तेव्हा त्यावर ना रुजू झाल्याची तारीख, ना पद. नुसतं ‘आमच्याकडे काही काळ काम केले’. जागा तोवर भरली होती. पुढच्या ठिकाणी फ्रेशरच्या पगारावर बसावं लागलं. अडीच वर्षं पाण्यात गेली. आजही त्या रस्त्याने जाताना मी त्या गेटकडे बघत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: या आठवड्यात लेखी माग. कधीपासून, कोणत्या पदावर, किती वाजता ते किती वाजता, एवढं लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी. शिकाऊ म्हणून ठेवायचं तर अप्रेंटिस कायद्यात करार आणि विद्यावेतन दोन्ही आहे, तसं नोंदवतील का विचार. पगारावर घेतलं आणि तिथे २० किंवा जास्त माणसं कामाला असली तर पीएफ कापायला सांग. हातात पैसे थोडे कमी येतील, पण यूएएनवरची, म्हणजे तुझ्या कायमच्या पीएफ नंबरवरची, नोंद कुणी नाकारू शकत नाही. टाळाटाळ केली तर सोड. मी वकील नाही, घरची परिस्थिती तुझी तुला माहीत. हजेरीच्या मस्टरचा फोटो मात्र आजच काढून ठेव, फक्त स्वतःच्या ओळीचा. रुग्णांचे कागद मोबाईलमध्ये घेऊ नकोस, ते कामावर बेतेल.

सर्टिफिकेटवर फार भिस्त ठेवू नकोस. मी आता नवीन मुली निवडते तेव्हा सर्टिफिकेटपेक्षा काम बघते. आधारवर ‘सुनीता’, रेशनकार्डावर ‘सुनिता’, पॉलिसीवर माहेरचं आडनाव, हे अ‍ॅडमिशनच्या वेळीच जिच्या नजरेत येतं ती मला हवी. नाहीतर डिस्चार्जच्या दिवशी क्लेम अडकतो आणि नातेवाईक पिशव्या भरून पायऱ्यांवर बसून राहतात. कॅशलेसची शेवटची मंजुरी विमा कंपनीने ३ तासांत द्यायची असं बंधन विमा नियामकाने २०२४ मध्ये घातलंय, पण आपल्याकडूनच चुकीचं नाव गेलं तर कुणाला बोलणार? सोनोग्राफीच्या टेबलावर बसवलं तर फॉर्म एफचा (गरोदर बाईच्या सोनोग्राफीला कायद्याने भरावा लागणारा फॉर्म) एकही रकाना मोकळा सोडू नकोस आणि डॉक्टरांच्या जागी सही तर अजिबात करू नकोस, कितीही घाई असो.

आणि थोडं कानडी शिक. अथणी, चिकोडीकडची म्हातारी माणसं मिरजेला येतात, काउंटरवर गोंधळून जातात. ‘हेसरु एनु?’ एवढं विचारलंस तरी चेहरा खुलतो आणि नाव बरोबर लिहिलं जातं.

पत्र द्यायला नाही म्हणाले तर इथेच लिही. अर्ज कसा लिहायचा ते सांगते, आणि त्याची पोच कशी घ्यायची तेही.