टेलिग्रामवर भेटलेला वाशीचा माणूस प्रायव्हेट ट्रॅकरचं (सगळ्यांना खुली नसलेल्या टॉरेंट साइटचं) इन्व्हाइट १५०० रुपयांना देतोय, आधी जीपे कर म्हणतो. घ्यावं का?

नका घेऊ, पैसे तर जातीलच आणि समजा इन्व्हाइट खरं निघालं तरी अकाउंट टिकणार नाही. मी एका छोट्या ट्रॅकरवर सपोर्ट बघायचो म्हणून सांगतोय, कोणी कोणाला आत आणलं याची पूर्ण साखळी स्टाफला दिसते, त्यामुळे एक विकणारा सापडला की त्याने आणलेले बहुतेकदा सगळे एकदम बॅन होतात, आणि बऱ्याच ठिकाणी इन्व्हाइटची अदलाबदलसुद्धा विक्रीइतकीच बंद आहे. असे लोक बहुतेकदा चोरलेली अकाउंट्स वापरतात, किंवा पैसे आले की सरळ ब्लॉक. वाशी स्टेशनला भेटून देतो म्हणाला तरी भुलू नका, जवळ राहतो म्हणून माणूस भरवशाचा होत नाही. फुकट मिळणारं प्रत्येक इन्व्हाइट मात्र फसवं नसतं, ज्याला प्रत्यक्ष ओळखता अशा मित्राने दिलं तर ठीक, आणि रीडॅक्टेड हा गाण्यांचा प्रायव्हेट ट्रॅकर तर फुकट इंटरव्ह्यू घेऊन आत घेतं, तयारी तेवढी करावी लागते. आणि पैसे आधीच पाठवले असतील तर आत्ताच्या आत्ता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितका उशीर तितकं ते पुढच्या खात्यात सरकतात.