सर्पमित्र व्हायचं की शास्त्रज्ञ?

प्रश्न: मी नाशिकरोडला राहतो, बीएस्सी झूऑलॉजी सेकंड इयरला आहे. दीड वर्ष एका सर्पमित्र दादासोबत कॉलवर जातोय, धामण, कवड्या पकडलेत. मला ह्यातच करिअर करायचंय पण पप्पा म्हणतात साप पकडून पोट भरतं का? काय करू?

उत्तर: अरे, पप्पांचा प्रश्न बरोबर आहे. नुसतं साप पकडणं हे करिअर नाही. आणि आधी मला सांग, कवड्या होता हे कसं ओळखलंस? बिनविषारी कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट, जहाल विषारी मण्यारचे उलटे, शेपटीकडे ठळक होत जातात. रात्री घाईत चुकलास आणि मण्यार चावली तर बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही रे, आणि काही तासांत श्वास घेणारे स्नायू बंद पडतात. म्हणून वनखात्याच्या परवानगीशिवाय कॉल घेऊ नकोस, 1972 चा वन्यजीव कायदा पण हेच सांगतो.

खरं काम वेगळंच असतं. मी पावसाळ्यात त्र्यंबक-घोटी रोडला रात्री चालायचे, दर काही पावलांवर गाडीखाली चिरडलेला बेडूक, कधी पाणदिवड साप, प्रत्येकाजवळ खाली बसून फोटो, वेळ, जीपीएस, जात असं वहीत लिहायचं, भिजलेली पानं घरी पंख्याखाली वाळवायची. कंटाळवाणं वाटतं पण गाड्या कुठे हळू चालवायला लावायच्या, रस्त्याखालून वाट कुठे काढायची हे अशाच वहीतून ठरतं. बेडकांपासूनच सुरुवात कर, त्यांच्याकडे कोण बघतं? जगातल्या बेडूकवर्गीय प्राण्यांच्या साधारण 41 टक्के जाती धोक्यात आहेत आणि आपल्या सह्याद्रीत तर फक्त इथेच सापडणाऱ्या कितीतरी आहेत. फक्त हाताला ओडोमॉस लावून बेडूक उचलू नकोस, तो कातडीतून श्वास घेतो, ते सगळं आत जातं.

शिक्षणाचं म्हणशील तर बीएस्सी नीट मार्कांनी पूर्ण कर, मग डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेत वन्यजीवांवरची एमएस्सी आहे, सीट कमी असतात त्यामुळे स्टॅटिस्टिक्स आणि मॅपिंग आत्ताच शीक. सरकारी नोकरी हवी तर एमपीएससीची वनसेवा परीक्षा आहे. सुरुवातीला प्रोजेक्टवरची कामं मिळतात, दोन-तीन वर्षांची, पगार बेताचा, हे पप्पांना स्पष्ट सांग, लपवू नकोस. आणि पहिला पाऊस पडला की एक रात्र त्यांनाही सोबत घेऊन जा, टॉर्च त्यांच्या हातात दे.