रेडिसचा स्नॅपशॉट: आरडीबीच्या कोडमध्ये लॉक का सापडत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रेडिस या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये बीजीसेव्ह (मागच्या मागे डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड) चालू असताना डेटा बदलणाऱ्या सेट कमांड येतच राहतात, मग डंप फाईलमध्ये एकाच क्षणाचा डेटा कसा उतरतो? डंप लिहिणाऱ्या कोडची आरडीबी.सी ही फाईल पालथी घातली तरी कुठे लॉक, म्हणजे तोवर डेटा बदलू न देणारं कुलूप, दिसत नाही.

दिसणार नाही, कारण तो तिथे नाहीच. हे काम रेडिस स्वतः करतच नाही, लिनक्सकडून करून घेतो. कोडमध्ये त्याची खूण म्हणजे फोर्कचा एक कॉल: चालू प्रोसेसची (पेरेंट) जुळी प्रोसेस (चाइल्ड) काढून देण्याची विनंती. तुम्ही काही हजार ओळी वरून खाली वाचत बसलात, त्यात ती एक ओळ निसटली असणार.

आवृत्ती ६.२ काढा, वाचायला बरी आहे. 'आरडीबी सेव्ह बॅकग्राउंड' या फंक्शनपाशी जा. आधी एखादं चाइल्ड चालू आहे का ते बघितलं जातं, असेल तर सरळ नकार. मग 'डर्टी' नावाच्या, शेवटच्या सेव्हनंतरचे बदल मोजणाऱ्या काउंटरची किंमत बाजूला लिहून ठेवली जाते (हे लक्षात असू द्या), आणि फोर्क होतो. चाइल्ड 'आरडीबी सेव्ह'ला हाक मारतं, पेरेंट लगेच क्लायंटकडे परत वळतो. साधी सेव्ह कमांडही तेच 'आरडीबी सेव्ह' वापरते, फक्त फोर्क न करता, म्हणून ती सगळ्यांना तिष्ठत ठेवते.

फोर्क झाल्यावर मेमरीची नक्कल होत नाही, फक्त पेज टेबलची, म्हणजे मेमरीचे तुकडे (पेज) कुठे आहेत त्या यादीची होते. शेत एकच, सातबाऱ्याचे उतारे दोन. पेरेंटने एखाद्या पेजवर काही लिहिलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) तेवढ्या ४ केबीची वेगळी प्रत काढतो आणि पेरेंटचा बदल त्या प्रतीत जातो. चाइल्डला फोर्कच्या क्षणीचं जुनंच पेज दिसत राहतं. लॉक हवा कशाला?

पण हा आयता फायदा टिकवायला बाकीच्या कोडला जपून वागावं लागतं, आणि माझ्या मते वाचण्यासारखं आहे ते हेच. डिक्ट.सी बघा, सगळ्या कीज ज्यात राहतात त्या हॅश टेबलचा कोड. हॅश टेबल मोठं करायचं म्हणजे सगळ्या नोंदी हलवायच्या, म्हणजे पेजमागून पेज लिहिली जाणार आणि प्रती वाढत जाणार. म्हणून चाइल्ड जिवंत असेपर्यंत रीसाइझ टाळलं जातं. नोंदी आणि बकेट (टेबलमधले कप्पे) यांचं प्रमाण पाचाच्या वर गेलं तरच नाइलाजाने होतं. ट्रान्सपरंट ह्यूज पेजेसचं (कर्नल आपणहून मोठी पेज देतो ती सोय) दुखणंही इथलंच: पेज २ एमबीचं असेल तर एक बाइट बदलायला २ एमबीची प्रत. ६.२ तर ती सोय स्वतःपुरती बंदच करून टाकते. तुमच्याकडे किती प्रती निघाल्या ते इन्फो कमांडमधल्या 'आरडीबी लास्ट काऊ साइझ'मध्ये कळतं. त्या काऊचा गायीशी संबंध नाही, कॉपी ऑन राइट.

आता फाईल. तुम्ही नाशिकचे आहात म्हणून कांद्याचंच उदाहरण घेतो. रिकाम्या रेडिसमध्ये 'कांदा' ही की (नोंदीचं नाव) टाका, किंमत १८५०, लासलगावचा क्विंटलचा भाव समजा. सेव्ह करा आणि डंप फाईल हेक्समध्ये उघडा. सुरुवातीला रेडिस ही पाच अक्षरं आणि चार अंकी फॉरमॅट आवृत्ती, मग 'एफए'ने सुरू होणारी किरकोळ माहिती, मग 'एफई ००' म्हणजे डेटाबेस शून्य, मग 'एफबी ०१ ००' म्हणजे त्यात एक की, मुदत असलेली एकही नाही. त्यापुढे आपली नोंद: '००' म्हणजे स्ट्रिंग प्रकार, '०एफ' म्हणजे कीची लांबी १५ बाइट (कांदा शब्दात पाच कोड पॉइंट, प्रत्येकी तीन बाइट), मग 'ई० ए४ ९५' हा क आणि पुढची चार. किंमत मात्र 'सी१ ३ए ०७' एवढीच. 'सी१' सांगतो की पुढे १६ बिटांचा पूर्णांक आहे, आणि (बाइट उलट्या क्रमाने वाचले की) ०७३ए म्हणजे १८५०. चार अक्षरी मजकूर म्हणून ठेवला असता तर लांबी धरून पाच बाइट लागले असते. शेवटी 'एफएफ' आणि आठ बाइटांचा सीआरसी (फाईल बिघडली आहे का ते ताडायचा आकडा). एवढं डोळ्यांनी बघितलंत की लेंग्थ एन्कोडिंगची फंक्शनं भराभर वाचून होतील.

'आरडीबी सेव्ह'चा शेवटही नीट बघा. लिखाण आधी टेम्प नावाच्या फाईलमध्ये होतं, मग एफफ्लश, एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर नेणं), एफक्लोज आणि सगळ्यात शेवटी रीनेम. मध्येच वीज गेली तरी जुनी डंप फाईल शाबूत. आमच्याकडे वीज जाण्याचं प्रमाण बघता मला ही क्रमवारी तोंडपाठ आहे.

राहिला तो डर्टी काउंटर. चाइल्डने काम संपवलं की पेरेंट तो शून्य करत नाही, बाजूला लिहून ठेवलेली किंमत त्यातून वजा करतो. फोर्कनंतर आलेले बदल फाईलमध्ये नाहीत, त्यामुळे ते अजून डर्टीच.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, करून बघा. 'आरडीबी की सेव्ह डिले' अशी एक दडवलेली सेटिंग आहे, टेस्टसाठी ठेवलेली. मायक्रोसेकंदांत चालते, कॉन्फिग सेटने बदलता येते. ५००००० द्या. २० कीज १८५० किमतीच्या करून बीजीसेव्ह द्या. दहा-एक सेकंद लागतील. तेवढ्यात एका एमसेटने (अनेक कीज एकदम बदलणारी कमांड) सगळ्यांची किंमत २१०० करा. सेव्ह संपल्यावर फाईल उघडा: सगळीकडे '३ए ०७'च, २१०० एकाही ठिकाणी नाही. आणि इन्फोमध्ये शेवटच्या सेव्हनंतरच्या बदलांचा आकडा शून्य नसेल, २० असेल. मग जीडीबी हा डीबगर लावून 'फॉलो फोर्क मोड' चाइल्डवर ठेवा आणि 'आरडीबी सेव्ह रिओ'वर ब्रेकपॉइंट टाका. मात्र बिल्ड 'मेक नोऑप्ट'ने करा, नाहीतर अर्धे व्हेरिएबल ऑप्टिमाइझ झालेले दिसतील.