बाकावरच्या गप्पा: पेन्सिल, पेढा आणि तळव्यांची खाज

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागातून निवृत्त झालेल्या आमच्या सिस्टर दर महिन्याला गरोदर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात. पत्रलेखिकांची नावं आम्ही छापत नाही.)

प्रश्न: सिस्टर, मला पाचवा महिना आहे. चिंचवडला आम्ही दोघंच असतो, आई लातूरला. काम घरूनच, त्यामुळे दिवसभर बोलायला लॅपटॉपशिवाय कोणी नाही. परवा नवऱ्याने डब्यातली शेवटची चकली खाल्ली म्हणून मी अर्धा तास रडले. मग आपल्या रडण्याने बाळाला काही होईल या भीतीने पुन्हा रडले. बाळ अजून हललेलं कळत नाही. बहीण म्हणते, तिला चौथ्यातच कळलं होतं. डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, त्यांना असलं विचारायची लाज वाटते. बाकीच्या बायकांचंही असं होतं का? (चिंचवड)

उत्तर: होतं गं. आमच्या वॉर्डातल्या एकीने डब्यात वांग्याची भाजी आली म्हणून तो तसाच परत पाठवला आणि डबेवाला दीर फाटकाबाहेर गेल्यावर वांग्यासाठी रडत बसली. चकलीपायी रडून बाळाचं काही बिघडत नाही. पण दोन आठवडे रोजच रडू येतंय, झोप उडालीय, अन्नावरची वासना गेलीय, कशातच मन रमत नाही असं असेल, तर ते डॉक्टरांना सांगायचं. ते चकलीच्या खात्यावर टाकायचं नाही.

बहिणीला विचार, चौथ्यात कळलं ते कितव्या खेपेला? पहिलटकरणीला बहुधा १८ ते २० आठवड्यांच्या आसपास कळतं, काहींना त्याहून उशिरा. सुरुवातीला तर पोटात गॅस फिरतोय असंच वाटतं. वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या भिंतीला चिकटलेली असेल, तर मधे उशी ठेवल्यासारखं होतं आणि बारीक लाथा कळत नाहीत. तुझी पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली असेल, तर रिपोर्टात ‘अँटिरिअर’ (म्हणजे पुढची) शब्द आहे का बघ. २४ आठवडे भरले तरी काहीच कळलं नाही, तर मात्र जाऊन दाखव.

आता बोलायला कोणी नाही त्याचं. तपासणीला अपॉइंटमेंटच्या अर्धा तास आधी जा, फोन पर्समध्ये ठेव आणि शेजारणीला फक्त ‘कितवा?’ एवढं विचार. पुढचं ती बोलते. आमच्याकडे दर महिन्याच्या नऊ तारखेला गर्दी असायची. २०१६ पासून त्या दिवशी सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. भिंतीलगतच्या बाकावर पहिल्यापासून नवव्यापर्यंत सगळे महिने ओळीने बसलेले. वजनकाट्याजवळ तर रोजचा तमाशा. चपला काढायच्या, मोबाइल नवऱ्याकडे द्यायचा, आणि एक जण हमखास विचारणार, ‘सिस्टर, बांगड्या उतरवू का?’ तिसऱ्या महिन्यातली ओकाऱ्यांनी रडकुंडीला आलेली मुलगी सातव्यातलीला भाकरी-ठेचा खाताना बघायची, आणि हेही दिवस जातात हे तिला माझ्या भाषणाशिवाय कळायचं. तुझ्या सोसायटीतही पाच-सहा जणी असतीलच. लिफ्टमध्ये पोटं दिसतात ना?

एक मात्र लक्षात ठेव. चकली, जळजळ, उशी कुठे ठेवायची, सासू काय म्हणाली, हे सगळं बाकावर बोलायचं. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज येणं, यावर बाकाचा सल्ला घ्यायचा नाही. तिथून उठायचं आणि रांग मोडून आत जायचं. रांग मोडली म्हणून सिस्टर ओरडली, तर ओरडू दे.

प्रश्न: आम्ही दोघी मैत्रिणी नऊ तारखेच्या बाकावरच झालो. दोघींना सहावा. गप्पांत कळलं की दोघींच्याही पर्समध्ये पाटीवरची पेन्सिल! मी दुकानातून घेते, ती पुतण्याच्या दप्तरातून चोरते. मऊ कोणती, कडक कोणती, आता आम्ही एकमेकींना सांगतो. घरी कोणाला माहीत नाही. पहिल्या पावसात मातीचा वास आला तेव्हा मला अंगणच खावंसं वाटलं. हे डोहाळे पुरवावेत का? दुसरं म्हणजे, लाल गोळ्यांनी शी काळी होते म्हणून मी त्या बंद केल्यात. सासूबाई म्हणतात, त्या गोळ्यांनी मूलही काळं होतं. (बार्शी)

उत्तर: तुमचं पत्र वाचून मी एकटीच मोठ्याने हसले, आणि हसून झाल्यावर पहिला विचार आला तो तुमच्या हिमोग्लोबिनचा. माती, पेन्सिल, खडू, भाजकी माती, कच्चे तांदूळ, फ्रीजमधला बर्फ, असलं खावंसं वाटणं पुष्कळदा अंगात लोह कमी असल्याचं लक्षण असतं. आंबट कैरीचे डोहाळे वेगळे, हे वेगळं. कैरी पुरवावी. पेन्सिल नाही. पेन्सिलीने लोह मिळत नाही, उलट पोट भरल्यासारखं होऊन दोन घास कमी जातात, बद्धकोष्ठ वाढतो, आणि मातीतून जंतांची अंडी पोटात जातात ती वेगळीच. पर्समध्ये भाजलेले चणे ठेवा. काहीतरी कुडुमकुडुम चावायला हवं असतं, ते तरी भागेल.

तपासणीच्या कार्डावर हिमोग्लोबिनचा आकडा असेल, तो दोघी मिळून बघा. गरोदरपणात ११ च्या खाली गेला की रक्त कमी. ७ च्या खाली गेला तर ते घरच्या बीट-खजुरावर सोडायचं प्रकरण नाही, दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. पेन्सिलीची गोष्ट डॉक्टरांना सांगायलाच हवी. लाजू नका, त्यांनी तुमच्या आधी कित्येक पेन्सिली ऐकल्यात.

आता गोळ्या. सरकारी गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तेवढेच दिवस. रक्त कमी असेल तर डॉक्टर दोन सांगतात. शी काळी होणारच, न शोषलेलं लोह बाहेर पडतं ते. मुलाचा रंग आई-बापाकडून येतो, गोळीकडून नाही. सासूबाईंना हे तुम्ही सांगू नका, आशाताईंकडून सांगवा. सुनेचं ऐकायला जड जातं, आशाताईंचं जात नाही.

घेण्याची रीत चुकली की गोळी फुकट जाते. चहाबरोबर घ्यायची नाही, चहाच्या आधी-नंतर तासभर सोडायचा. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी एका घोटात गिळायची नाही, मधे दोन तास तरी हवेत. लिंबूपाणी, आवळा, पेरू यांच्याबरोबर लोह चांगलं लागतं. उपाशीपोटी मळमळत असेल तर रात्री जेवून घ्या आणि झोपा, मळमळायच्या आत झोप लागते. तरीही झेपत नसेल, तर गोळी बदलून मिळते आणि शिरेतून लोह देण्याचीही सोय आहे. गुपचूप बंद करणं तेवढं नको. आमच्या भागात एका घरी पिठाच्या डब्याच्या तळाशी या गोळ्यांचा सगळा साठा निघाला होता. बाईचं कार्ड मात्र अगदी व्यवस्थित भरलेलं.

प्रश्न: आम्हा तिघींची ओटीभरणं एकाच महिन्यात झाली. वाट्या उघडल्या तेव्हा दोघींना बर्फी आणि एकीला पेढा आला. पण पेढेवालीचं पोट गोल आहे आणि बर्फीवालीचं टोकदार! आता वाटी खरी की पोट? (कोल्हापूर)

उत्तर: हलवाई खरा. पोटाचा आकार तुझे स्नायू, तुझी उंची आणि बाळ कसं बसलंय त्यावर. मुलगा की मुलगी हे बापाकडून आलेल्या बीजावर, तेही पहिल्याच दिवशी ठरतं. वाट्यांचा खेळ खेळा, गाणी म्हणा, हिरव्या साड्या मिरवा. पण वाटीवर समाधान न होऊन कोणी ‘एका ठिकाणी सांगतात’ असं कानात पुटपुटलं, तर तिथेच थांबवा. लिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली देशात सगळ्यांत आधी कायदा केला, देशाचा कायदा १९९४ चा. विचारणारा आणि सांगणारा दोघंही गुन्हेगार ठरतात. आणि पुढच्या वेळी तिघींनी कंदी पेढे ठेवा, म्हणजे भांडण नको.

प्रश्न: सिस्टर, आठवा महिना संपत आलाय. रात्री तळहात आणि तळपायांना इतकी खाज सुटते की मी पाय फरशीवर घासत बसते. नवरा मला ‘सुतारपक्षी’ म्हणतो. पुरळ काहीच नाही. तपासणीच्या रांगेतल्या सगळ्या म्हणाल्या, बाळाला जावळ दाट आहे म्हणून खाज येते, खोबरेल लाव. लावलं, फरक नाही. आणखी काय लावू? (संगमनेर)

उत्तर: हे पत्र छापायला येईपर्यंत मी थांबले नाही. संपादकांनी त्याच दिवशी हिला फोन करून दवाखान्यात जायला सांगितलं, आणि ती गेली. इथे छापतेय ते बाकीच्यांसाठी.

पोट ताणतं तशी पोटावर, मांड्यांवर खाज बहुतेकींना येते. तिला खोबरेल चालतं. पण शेवटच्या तीन महिन्यांत, पुरळ नसताना, तळहात-तळपायांना, आणि रात्री वाढणारी खाज आली, तर लावायचं काहीच नाही, रक्त तपासायचं. गरोदरपणात काही जणींच्या यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नाही, पित्तातली आम्लं रक्तात साठतात आणि खाज सुटते. डॉक्टर त्याला कोलेस्टेसिस म्हणतात. यकृताची तपासणी आणि ‘बाइल ॲसिड’ नावाची तपासणी करून ते कळतं. आईची खाज बाळंतपणानंतर थांबते, पण ही आम्लं फार वाढली तर बाळाच्या जिवाला धोका असतो. म्हणून डॉक्टर लक्ष ठेवतात आणि वेळ पडली तर बाळंतपण थोडं अलीकडे घेतात. लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं हेही बघा.

जावळाची गोष्ट छातीतल्या जळजळीबद्दलही सांगतात. जळजळीवर हसा, खुशाल. तळव्यांच्या खाजेवर नको. आणि रांगेतल्या बायकांवर राग धरू नका. त्यांनी मायेनेच सांगितलं, फक्त त्यांना माहीत नव्हतं. पुढच्या तपासणीला हा अंक घेऊन जा आणि बाकावर ठेवून या.

प्रश्न: ऑफिसात कधी सांगू? मला तिसरा महिना आहे, पहिलंच मूल. (नाशिक)

उत्तर: ओकाऱ्या लपत नसतील तर आजच. २०१७ च्या दुरुस्तीपासून २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाआधी घेता येते. दहा किंवा जास्त माणसांची आस्थापना हवी आणि बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत तुझं ८० दिवस काम झालेलं हवं. अर्ज लेखी दे आणि पोच घे. तोंडी ‘हो, हो’ला पोच नसते.

प्रश्न: मी नवरा. बायकोला चौथा महिना आणि सकाळी मळमळतं मला. वजन माझंच वाढलंय. तिच्या मैत्रिणी मला ‘पोटुशा’ म्हणतात. मला काही झालंय का? (डोंबिवली)

उत्तर: मळमळ खरी असू शकते. बायको गरोदर असताना नवऱ्यालाही असं होणं जगभर दिसतं, बाळ आलं की जातं. वजन मात्र तिच्यासाठी आलेल्या लाडवांचं आहे. मैत्रिणींचं मनावर घेऊ नका, उलट त्यांच्यात जाऊन बसा. तपासणीला तिच्याबरोबर जा, बाहेर गाडीवर बसून राहू नका. जवळची रक्तपेढी, दवाखान्याचा रस्ता, रात्री उघडं असणारं औषधाचं दुकान हे सगळं तुम्हाला पाठ हवं.

प्रश्न: आमच्या बाकावरच्या तिघींपैकी दोघी बाळंत झाल्या. माझी तारीख होऊन तीन दिवस झाले, पत्ता नाही. सासूबाई रोज सकाळी फोन करून ‘झालं का?’ विचारतात, जशी काही मी रात्री गुपचूप उरकणार आहे. (रत्नागिरी)

उत्तर: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की तारीख निघते. ३ फेब्रुवारीची पाळी, तर १० नोव्हेंबर. ते होतात २८० दिवस, आणि त्यातले पहिले दोन आठवडे तर पोटात काही नसतंच. ठरल्या दिवशी जन्मणारी मुलं शंभरात चार-पाच. पाळ्या अनियमित असतील, तर पहिल्या सोनोग्राफीची तारीख जास्त खरी.

४१ आठवड्यांपर्यंत डॉक्टर बहुधा वाट बघतात, मधे बाळाचे ठोके आणि गर्भजल तपासतात, मग कळा आणायचं औषध देतात. तुझ्या डॉक्टरांनी पुढची तारीख दिली असेल ती चुकवू नकोस. जेवण झालं की डाव्या कुशीवर पड आणि हालचाली मोज. दोन तासांत दहा व्हायला हव्यात. नाही झाल्या तर सकाळची वाट बघायची नाही. पाणी गेलं, रक्त गेलं, किंवा कळा पाच-पाच मिनिटांवर आल्या तर निघायचं. गाडी नसेल तर १०२ किंवा १०८.

सासूबाईंचा सकाळचा फोन मुलालाच घेऊ दे. दोन दिवसांत त्या त्यालाही ‘तू तिला जास्त त्रास देऊ नकोस’ म्हणायला लागतील. आणि बाळंत झालेल्या दोघींना फोन कर. त्यांची रात्रीची जागरणं ऐकलीस की तुला आणखी दोन दिवस झोपायला काही वाटणार नाही.