चपलेवर गाडी चालवतो, पुढच्या महिन्यात ट्रॅकवर उतरणार आहे. बूट कोणते घेऊ?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ठाणे ते भिवंडी रोज चपलेवर मॅन्युअल गाडी चालवता, त्यात धोका आहे का, ही एक. आणि पुढच्या महिन्यात मित्रांबरोबर कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्या ट्रॅकवर पळवणं), जमलं तर नंतर ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळाशी शर्यत), त्यासाठी रेसिंगचे बूट आत्ताच घ्यावेत का, ही दुसरी. मी नाशिकला चौदा वर्षं गाडी शिकवतोय आणि हौसेने ऑटोक्रॉस आणि रॅलीतही उतरलोय. त्यातून जे कळलं ते सांगतो.

कायद्याचं आधी संपवू. सप्टेंबर २०१९ मध्ये दंडाच्या रकमा वाढल्या तेव्हा चप्पल घालून गाडी चालवली तर पावती फाडतात असा मेसेज सगळीकडे फिरत होता. त्यावर नितीन गडकरींच्या कार्यालयाने ट्विट करून खुलासा केला होता की चप्पल, लुंगी-बनियन अशा गोष्टींसाठी कायद्यात दंडाची तरतूद नाही. म्हणजे त्यासाठी पोलीस तुम्हाला अडवणार नाहीत. पण मला ब्रिटनच्या हायवे कोड या वाहतूक नियमावलीतला ९७ वा नियम जास्त पटतो. पायात आणि अंगावर असं काही नसावं की गाडीचे कंट्रोल नीट वापरता येणार नाहीत, असा त्याचा अर्थ. चप्पल की बूट यात तो शिरतच नाही.

चपलेविषयी मी एवढा आग्रही का, ते सांगतो. नऊ वर्षांपूर्वी जुलैमध्ये कसारा घाट उतरत होतो. पायात पावसाळी चप्पल, मागे पट्टा नसलेली. पुढचा टेम्पो अचानक थांबला. मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलून ब्रेककडे नेला, तर चपलेची टाच मॅटच्या कडेला अडकली आणि चप्पल दुमडून पेडलखाली गेली. पाय ब्रेकवर बरोबर पडला होता, पण पेडल अर्ध्यावर जाऊन थांबलं. तो स्पर्श अजून विसरलेलो नाही, दगडावर पाय ठेवल्यासारखा. हँडब्रेक ओढला, गाडी डावीकडे गटाराच्या बाजूला घातली आणि टेम्पोच्या फळक्यापासून हातभर अंतरावर थांबलो. शेजारी आई होती. ती काही बोलली नाही, पण डॅशबोर्डवर टेकवलेला हात तिने इगतपुरीला परत येईपर्यंत काढला नाही. त्या दिवसापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या कोणालाही मी मागून सुटी असलेली चप्पल घालून सीटवर बसू देत नाही.

आता पाय नेमकं काय करतो ते बघा. उजव्या पायाची टाच जमिनीवर टेकलेली असते आणि तिच्यावर पाय फिरतो, ब्रेककडून ॲक्सिलरेटरकडे आणि परत. दाब द्यायचा तो चवड्याने. म्हणून टाच एका जागी धरून ठेवायला हवी आणि चवड्याला पेडल कळायला हवं. हाफ क्लचवर गाडी कुठे उचलते, ब्रेक कुठे पकडतो, हे कान किंवा डोळे सांगत नाहीत, पायाचा तळवा सांगतो. जाड फोमचे रनिंग शूज धावताना गुडघ्यांना जपतात, पण गाडीत तोच फोम मधली खबर खाऊन टाकतो. त्यातल्या बऱ्याच बुटांचा सोल चवड्यापाशी बाहेर पसरलेला असतो, आणि छोट्या गाडीत पेडल जवळजवळ असली की ब्रेक दाबताना कड ॲक्सिलरेटरलाही लागते. शिकाऊ मुलांच्या बाबतीत हे मी कितीदा पाहिलंय. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरते आणि मुलगा घाबरून आणखी जोरात दाबतो.

माझी दुकानातली परीक्षा साधी आहे. जमिनीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचं, बूट घालून चवडा त्यावर टेकवायचा. खाली काहीतरी आहे हे कळलं तर सोल गाडीसाठी बरा. मग खुर्चीत बसून टाच न उचलता पाय डावी-उजवीकडे फिरवायचा. टाचेची चौकोनी कड फरशीला अडत असेल तर ती मॅटलाही अडणार. ब्रिटनमधली आरएसी ही वाहनचालकांची संस्था सोल १० मिलिमीटरपेक्षा जाड नसावा असं सुचवते. हा आकडा लक्षात ठेवायला सोपा आहे. माझ्या गाडीत कॅनव्हासचे साधे लेसचे बूट असतात, सपाट रबरी सोलचे. रोजच्या गाडीला याहून जास्त काही लागत नाही.

कोल्हापुरी मला मनापासून आवडते, लग्नाला तीच घालतो. पण तिचा चामड्याचा तळ ओल्या पेडलवर घसरतो आणि टाच मोकळी राहते, म्हणून स्टीअरिंगवर बसण्याआधी ती उतरवायची. उंच टाचेच्या सँडल घालणाऱ्या मैत्रिणींनाही माझं हेच सांगणं असतं. टाच वर गेली की पाय फिरण्याचा टेकूच वर सरकतो आणि ब्रेकचा अंदाज चुकतो. उतरवलेली जोडी ड्रायव्हरच्या पायापाशी किंवा त्याच्या सीटखाली ठेवायची नाही. जोरात ब्रेक लागला की तिथली प्रत्येक वस्तू पुढे येते, पाण्याची बाटलीसुद्धा.

अनवाणी चालवणारे बरेच ट्रकवाले तुम्ही पाहिले असतील. त्यांना पेडल चांगलं कळतं, हे खरं आहे. तरी मी कोणाला तसं शिकवत नाही. एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, लागला की पेडल पायाखाली थरथरतं आणि त्याच क्षणी पाय आणखी घट्ट दाबून ठेवायचा असतो. पेडलच्या खाचा उघड्या तळव्याला टोचल्या की नवखा माणूस नेमका तिथे पाय सैल सोडतो. शिवाय काही घडलंच तर काचांवरून बाहेर पडायचं असतं.

आता ट्रॅक. रेसिंगच्या बुटांची गोष्ट मला सिसिलीतल्या चेफालू गावापासून सुरू करायला आवडते. तिथला चर्मकार चिच्चो लिबेर्तो १९६० च्या दशकात टार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या ड्रायव्हरांसाठी मऊ चामड्याचे, पातळ सोलचे बूट शिवायला लागला. ही शर्यत डोंगरातल्या रोजच्या रस्त्यांवर व्हायची, एक फेरी ७२ किलोमीटरची आणि वळणं शेकड्यांनी. तिथे पाय सतत पेडलांवर नाचत राहणार. आजचा रेसिंग बूट त्याच गरजेतून आलाय. सोल पातळ आणि अरुंद, टाचेमागे रबर गोलाकार वर चढवलेलं, घोट्याच्या वरपर्यंत बांधणी, लेसवर वेल्क्रोची पट्टी. गोल टाचेचा खरा उपयोग हील-अँड-टो करताना कळतो. चवड्याने ब्रेक धरून त्याच पायाची बाहेरची कड ॲक्सिलरेटरला टेकवायची, म्हणजे खालचा गिअर टाकताना इंजिनाचा वेग (आरपीएम) गिअरशी जुळतो आणि गाडी झटका खात नाही. जाड बुटात हे बसतच नाही.

हे झालं पेडल कळण्याचं. रेसिंगच्या बुटाचं दुसरं काम आगीपासून पाय वाचवण्याचं, आणि माझ्या मते पैसे मोजायचे ते यासाठी. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनच्या फॉर्म्युला वन शर्यतीत रोमां ग्रोजाँची गाडी कठड्यात घुसून दोन तुकडे झाली आणि पेटली. त्याचा डावा पाय आत अडकला होता. त्याने जीव खाऊन पाय ओढला, बूट आतच राहिला आणि तो ज्वाळांतून बाहेर आला तेव्हा त्या पायात नुसता मोजा होता. हात भाजले, पण पाय वाचले. मी नव्या मुलांना ही शर्यत मुद्दाम दाखवतो, कारण बूट सगळे विचारतात आणि मोज्यांचं कोणी विचारत नाही. नायलॉनचा मोजा उष्णतेने वितळून कातडीला चिकटतो. नोमेक्स या अग्निरोधक कापडाचा मोजा वितळत नाही, करपून जाड होतो आणि तेवढा वेळ मिळवून देतो.

तुम्हाला यातलं लगेच काय लागेल? भाड्याच्या कार्टिंगला काहीच विकत घेऊ नका. घोटा झाकणारे, पातळ सोलचे बंद बूट आणि सुती मोजे पुरतात. लेसची टोकं मात्र आत खोचा. कार्टिंगच्या स्पर्धेसाठी मिळणारे खास बूट घोटा जपतात, पण ते सहसा अग्निरोधक नसतात. तेच पुढे रॅलीला चालतील असं समजू नका. ऑटोक्रॉसला नाव देण्याआधी त्या स्पर्धेची नियमावली मागवून घ्या. अग्निरोधक बूट सक्तीचे असतील तर आतल्या लेबलवर एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेचा ८८५६ हा मानक क्रमांक शोधा. जुन्या मानकाचं साल २००० आणि नव्याचं २०१८, तेही क्रमांकापुढे असतं. कोणतं साल चालेल ते आयोजकांना आधी विचारा.

बाजारात रेसिंग टीमचे लोगो लावलेले देखणे बूट मिळतात. माझ्या एका विद्यार्थ्याने तसे बरेच पैसे घालून घेतले आणि स्पर्धेआधीच्या तपासणीच्या टेबलावर त्याला परत पाठवलं. ते फिरायचे बूट असतात, आत लेबल नसतं. त्याचा उतरलेला चेहरा पाहून मी माझी जोडी दिली, पण त्याला ती दोन नंबर मोठी झाली आणि बिचाऱ्याला त्या दिवशी गाडीत बसताच आलं नाही.

खरे रेसिंग बूट घेतलेत तर नोमेक्सचे मोजे घालूनच माप बघा आणि त्यांनी चालू नका. सोल मऊ असतो, खडीवर झिजतो, आणि पॅडॉकमधलं, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या तयार करायच्या जागेतलं, ऑइल लागलं की पेडलवर घसरतो. मी चपलेवर गाडीपर्यंत जातो, दारात बसून बूट चढवतो, सोल कोरड्या फडक्याने पुसतो आणि मगच पाय आत घेतो. चप्पल मेकॅनिककडे.

आणखी एक, कार्टिंगपुरतं. तिथे क्लच नसतो, ब्रेक डाव्या पायाला असतो. रोज भिवंडीला क्लच दाबून दाबून तुमच्या डाव्या पायाला तळापर्यंत जायची सवय लागली असणार. पहिल्या दोन फेऱ्या सावकाश मारा, वळणाच्या बऱ्याच आधी ब्रेकवर नुसता चवडा टेकवा आणि तो कुठे पकडतो ते पायाला कळू द्या.