अमेरिकेत नोकरी असलेली माणसंही गाडीत राहतात म्हणे. भाड्यानं घर का घेत नाहीत? की हौस असते?

खरं आहे. मी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला सहा वर्षं काढली. गूगलचं मुख्यालय असलेलं गाव. आमच्या बिल्डिंगजवळच रेंगस्टॉर्फ पार्क, आणि त्याला लागून रेल्वेच्या रुळांकडेनं जाणारा क्रिसांटो अ‍ॅव्हेन्यू. २०१९ च्या उन्हाळ्यात आईबाबा आले होते. पहिल्याच सकाळी बाबा फेरी मारून आले आणि म्हणाले, "बरीच मंडळी सहलीला आलेली दिसतात रे!" रस्त्याच्या कडेला एकामागे एक आरव्ही उभ्या होत्या, म्हणजे आत ओटा, पलंग, संडास असलेल्या लांबलचक गाड्या. सहल कसली, माणसं तिथंच राहायची आणि सकाळी उठून कामाला जायची.

घर का घेत नाहीत, याचा हिशेब सांगतो. त्या वर्षी मी एका बेडरूमच्या साध्या घराला महिना २,९०० डॉलर मोजत होतो. गावातलं किमान वेतन तासाला १५.६५ डॉलर. आठवड्याचे चाळीस तास भरले तर महिन्याला साधारण २,७०० डॉलर होतात, तेही कर कापायच्या आधी. त्यात बरेच घरमालक पगार भाड्याच्या तिप्पट आहे का ते बघतात, वर अनामत, वर क्रेडिट स्कोअर. एकदा भाडं थकून घर सोडावं लागलं, की दुसरं मिळणं महाकठीण. जुनी खटारा आरव्ही मात्र काही हजार डॉलरांत मिळून जाते. तेवढेही नसतील तर अशा गाड्या महिन्याच्या भाड्यानं देणारे महाभाग आहेत. त्यांना तिथं 'व्हॅनलॉर्ड' म्हणतात.

नोकऱ्या वाढल्या तशी घरं वाढली नाहीत, हे मूळ दुखणं. राहत्या वस्तीतली बरीचशी जमीन वर्षानुवर्षं एका कुटुंबाच्या बंगल्यांसाठीच राखलेली. त्यात १९७८ चं 'प्रपोझिशन १३', म्हणजे राज्यातल्या मतदारांनी मंजूर केलेला कायदा: मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवर ठरतो आणि करासाठी धरलेली ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. म्हणजे जुन्या मालकाला टंचाईची झळ लागत नाही, उलट घराचा भाव वाढतो. नवीन इमारतीचं नाव काढलं की विरोध. यात आपलेही लोक मागे नाहीत बरं का. परळच्या चाळीत वाढलेला एक मित्र गणपतीच्या जेवणात मला सांगत होता, "अरे, फ्लॅटवाले आले की शाळा बिघडतात."

लॉण्ड्रीत एका बाईंशी ओळख झाली होती. एका ऑफिसच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होत्या, राहायच्या क्रिसांटोवर. गाडीत संडास होता, पण त्या वापरत नसत. त्याची टाकी ठरावीक ठिकाणीच रिकामी करता येते आणि तिथवर जायला डिझेल लागतं. आंघोळ जिममध्ये. दुपारी पत्रा तापायचा म्हणून काचांना आतून चंदेरी पडदे. धास्ती एकच, गाडी चालू होईल ना? कारण एका जागी ७२ तासांपेक्षा जास्त उभी राहिली की पालिका ती उचलून नेऊ शकते, मग सोडवून आणेपर्यंत ठेवण्याचे पैसे रोज चढत जातात. बाबांचं बालपण लालबागचं. एकेका खोलीत गिरणीच्या पाळीप्रमाणे माणसं आळीपाळीनं झोपायची, ते त्यांनी पाहिलेलं. हे ऐकून म्हणाले, "पण आमची खोली कुणी ओढून नेत नव्हतं."

नोव्हेंबर २०२० मध्ये गावानं 'मेझर सी' नावाचा नियम मतदानानं मंजूर केला: चाळीस फूट किंवा त्याहून कमी रुंदीच्या रस्त्यांवर मोठ्या गाड्या लावायच्या नाहीत. बहुतेक रस्ते त्यात आले. मी एच-१बी व्हिसावर, म्हणजे नागरिक नाही, त्यामुळे मला मत नव्हतं. (असतं तर मी काय केलं असतं, छातीठोकपणे सांगता येत नाही. जनरेटरच्या आवाजानं माझीही झोप उडायची.) प्रकरण कोर्टात गेलं, २०२२ मध्ये तडजोड झाली आणि तीनेक मैलांचे रस्ते या गाड्यांसाठी मोकळे ठेवायचं ठरलं. पालिकेनं काही सुरक्षित वाहनतळही उघडले, पण जागा मोजक्या.

आरव्हीसुद्धा ज्यांच्याकडे नाही ते साध्या मोटारीत झोपतात. मोटारही नसेल तर पालो आल्टो ते सॅन होजे रात्रभर धावायची ती २२ नंबरची बस. तिकीट काढून त्यात झोप काढणाऱ्यांमुळे तिचं नावच 'हॉटेल २२' पडलं.

हौसेनं व्हॅनमध्ये राहणारेही आहेत, तुम्ही यूट्यूबवर बघता ते. ओळखायची सोपी खूण सांगतो. हौशी माणसाच्या गाडीला सायकल बांधलेली असते. क्रिसांटोवरच्या गाड्यांच्या टपावर निळी ताडपत्री असायची, पावसात गळू नये म्हणून.