सोलापुरात राहतो, अंदमानला ३० मीटरपर्यंत डायव्ह करणार आहे. बॅकअपसाठी किती मोठी टाकी घेऊ?

३ लिटरची पोनी बॉटल (मुख्य टाकीसोबत न्यायची छोटी राखीव टाकी) घ्या, स्वतंत्र रेग्युलेटरसह (टाकीतली हवा श्वासाला देणारं उपकरण). हातात मावणारी छोटी बाटली ३० मीटरवर पुरत नाही. हिशोब सोपा आहे. ३० मीटरवर दाब ४ बार, म्हणजे पृष्ठभागाच्या चौपट हवा लागते. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरलं, तर तिथे १२० लिटर. एक मिनिट सावरायला, साडेतीन मिनिटं सावकाश वर यायला आणि ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायला मिळून सव्वापाचशे लिटरच्या आसपास जातात. ३ लिटरच्या टाकीत २०० बारला साधारण ६०० लिटर मावतात. छोट्या बाटलीत जेमतेम ८५, म्हणजे खाली मिनिटभरसुद्धा नाही! प्रेशर गेज मात्र हवाच.

तारकर्लीला इन्स्ट्रक्टर हात धरून नेतो तेवढंच करणार असाल, तर यातलं काहीच विकत घेऊ नका. आणि घेतलीच, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या साध्या कॉम्प्रेसरवर भरून आणू नका. त्या हवेत तेलाची वाफ, कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. डायव्ह सेंटरवरच भरा.